गावातून ऑनलाइन माल विकणे: पहिल्या ऑर्डरचं पुरे, दुसरी कशी आणता ते सांगा

हळद्या_समुद्रपूर
रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

बरेच दिवस इथं नुसता वाचतो. परवा एकानं विचारलं, घरची हळद ऑनलाइन विकायची आहे, सुरुवात कुठून करू? खाली पंधरा-वीस जणांनी पेज काढ, बूस्ट कर (म्हणजे पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखव), रोज रील टाक असा सल्ला दिला. मी चार वर्षांपासून हेच करून राहिलो, म्हणून उत्तर लिहायला बसलो. ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढला. लांबी गोड मानून घ्या.

आमचं शेत समुद्रपूर तालुक्यात. दीड एकर हळद, बाकी कपाशी आणि तूर. पाच किलो ओली हळद शिजवून, वाळवून, घोळून हाती येते एक किलो हळकुंड. ते बाजारात नेलं की भाव अडत्या सांगतो. दळून पाकिटात भरलं की भाव मी सांगतो. एवढ्या एका हिशेबावर हे सुरू केलं.

पहिल्या वर्षी फेसबुकवर पेज काढलं, पाकिटाचा फोटो टाकला आणि खालचं बूस्टचं बटन दाबलं. तीन हजार टाकले. वर अठरा टक्के जीएसटी लागतो हे पैसे गेल्यावर कळलं, म्हणजे झाले ३,५४०. एक्केचाळीस मेसेज आले. घरात सगळे खूश, आईनं तर शेजारी सांगूनही टाकलं. त्यातल्या बावीस जणांनी 'रेट?' एवढं विचारलं आणि गडप. सात ऑर्डरी पक्क्या झाल्या, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. दोघांनी दारातून पार्सल परत पाठवलं. (परत आलेल्या पार्सलला कुरिअरवाले आरटीओ म्हणतात. पहिल्यांदा फोन आला, 'भाऊ तुमचा आरटीओ आहे', तर मी मोटरसायकलचे कागद काढून बसलो.)

आता हिशेब मांडा. राहिली पाच गिऱ्हाइकं, म्हणजे एकेक गिऱ्हाईक ७०८ रुपयांना पडलं. पहिली ऑर्डर सरासरी ४२० ची, त्यात माल, पाकीट, कुरिअर वजा जाता हातात ११० रुपये. पाचांचे ५५०. म्हणजे २,९९० चा खड्डा, वर परत आलेल्या दोन पार्सलांचं येण्याजाण्याचं भाडं २४०. ओवाळणी द्यावी तसे पैसे देऊन हळद वाटली मी.

पण त्या पाचांतली दोन घरं आजही माझ्याकडून घेतात. कोथरूडच्या एक काकू वर्षातून चारदा मागवतात, आणि त्यांनी त्यांच्या सोसायटीतली सहा घरं जोडून दिली. त्या सात घरांनी तो खड्डा कधीच बुजवला. तेव्हापासून मी पहिल्या ऑर्डरीला नफा धरतच नाही, तो खर्च. दुसरी आली तर धंदा.

म्हणून आता सगळी मेहनत दुसऱ्या ऑर्डरीवर. पाकिटात एक चिठ्ठी टाकतो, छापील नाही, बायकोच्या अक्षरातली झेरॉक्स: 'हा नंबर सेव्ह करा, नवी हळद निघाली की कळवू.' सेव्ह करायला का सांगतो, तर व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी आपला नंबर साठवलाय त्यांनाच पोचते. एका यादीत २५६ माणसं बसतात. माझ्या पहिल्या यादीत दोनशेवर नावं होती आणि मेसेज पोचायचा तीस-पस्तीस जणांना. मला वाटायचं लोक वाचून गप्प बसतात.

शिवाय एक वही आहे. कोणी काय घेतलं, कधी घेतलं. चार माणसांच्या घरात अर्धा किलो हळद अडीच-तीन महिने जाते. तेवढे दिवस झाले की त्या घराला नाव घेऊन एक मेसेज: 'काकू, हळद संपत आली असेल, पाठवू का?' बस. गुड मॉर्निंगचे गुलाब नाहीत, सणाचे पोस्टर नाहीत.

आता रीलचं. मागच्या फेब्रुवारीत पोरानं हळद शिजवतानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. पहाटेचा अंधार, कढईवरचं पोतं ओढलं की वाफेचा लोट उठतो आणि त्यात आमचा बाप दिसेनासा होतो, एवढंच. तो एक लाख वीस हजार लोकांनी पाहिला. हळदीच्या ऑर्डरी आल्या तीन. कारण पाहणारे सगळे आपल्यासारखेच शेतकरी, हिंगोलीचे, वाशीमचे, नांदेडचे. त्यांच्या घरी पोत्यानं हळद. खाली कमेंट काय, तर 'भाऊ बेणं कितीले?', म्हणजे लावणीच्या हळदीचा भाव. आधी चिडलो. मग डोक्यात उजेड पडला आणि मे महिन्यात त्याच लोकांना सात क्विंटल बेणं विकलं. पावडरीचं गिऱ्हाईक वेगळं, बेण्याचं वेगळं आणि टाळ्या वाजवणारं वेगळं, हे मला त्या वाफेनं शिकवलं.

तुम्ही लोक काय करता ते सांगा. विशेष करून गावातून करणारे.

---

कापूसकोंड्या
रविवार, रात्री १०:२२

भाऊ, तुमी तीन हजारावर रडून राहिले. माही गोठ आयका.

आपला लाकडी घाना हाय, शेंगदाना न जवसाचं तेल काढतो. यवतमाळकडचा मी. शहरातल्या एका एजन्सीवाल्यानं सांगतलं का तीन महिन्यात तुमचा ब्रँड करून देतो. अठरा हजार मोजले. त्यानं काय केलं, तर रोज एक पोस्टर. आज संकष्टी, उद्या कोन्या तरी दिनाच्या शुभेच्छा. माहा तेलाचा डबा कोपऱ्यात, बोटाएवढा. तीन महिन्यात नऊ हजार फॉलोअर. पाह्यलं तर अर्ध्या लोकायचे नावं वाचता येत नाईत, फोटोच्या जागी नुसतं टक्कल.

थे बी जाऊ द्या. पैसे देनं बंद केलं न म्हनलं पेज माह्या हवाली करा, तर म्हने थे आमच्या लॉगिनवर हाय. आता माह्याच घान्याच्या नावाचं पेज हाय, माह्याच बापाचा फोटो हाय, न मी त्याच्यावर एक अक्षर टाकू शकत नाई. नवीन पेज काढलं तर गिऱ्हाईक इचारते, असली कोनतं?

म्हून सांगतो, पेज असो का गुगलचं खातं का वेबसाइटचं नाव, आपल्या नंबरवर, आपल्या इमेलवर पाह्यजे. दुसऱ्याले कामापुरता हक्क द्या न काम झालं का काढून घ्या. घराची किल्ली रंगाऱ्याजोळ ठेवून कोनी गावाले जाते का?

---

मृगबहार_वरुड
सोमवार, सकाळी ७:०५

धाग्याबद्दल आभार. संत्र्याचं गणित थोडं वेगळं आहे म्हणून लिहितो.

हळद सहा महिने पाकिटात बसते, संत्रा बसत नाही. मी पहिल्या वर्षी कुरिअरनं पाच किलोच्या पेट्या पाठवल्या. पुण्याला पोचेपर्यंत खालच्या थराचा रस झाला होता. एका गिऱ्हाइकानं पेटी उघडतानाचा व्हिडिओ पाठवला, तो मी अजून पुसलेला नाही. ऑनलाइन मागणी आली म्हणजे माल कुरिअरनंच गेला पाहिजे असं कुठं लिहिलंय? आता मी फक्त ऑर्डर ऑनलाइन घेतो. नागपूरच्या आणि पुण्याच्या मिळून अकरा सोसायट्या, प्रत्येकीत एक ओळखीचं घर. सोमवारी यादी उघडतो, गुरुवारी रात्री बंद करतो, पैसे आधी. शुक्रवारी तेवढाच तोडा, रात्री गाडी. झाडावर आहे तोवर माल माझा, तोडला की तो कुणाच्या तरी नावाचा असतो. संत्रा तोडल्यावर आंब्यासारखा पिकत नाही, त्यामुळं आधी तोडून ठेवायचा आणि मग गिऱ्हाईक शोधायचं यात दोन्हीकडून मार आहे.

दुसरी गोष्ट, तक्रारीची. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो तेव्हा सालीवर हिरवेपणा असतो. साल नारिंगी व्हायला रात्रीची थंडी लागते, आत फळ तयार असतं. शहरातला माणूस हिरवी साल पाहतो आणि म्हणतो कच्चा पाठवला. पहिल्या दोन हंगामांत मी एकेकाला फोनवर समजावत बसलो, घसा बसला. मग एका दिवशी बागेतच मोबाईल फांदीला बांधला, हिरवा संत्रा सोलला, फोडी दाखवल्या, खाल्ला, आणि व्यापारी हिरव्याचा पिवळा करायला खोलीत इथिलीन वायू सोडतात तेही सांगितलं. दीड मिनिट. आता यादी उघडली की पहिला मेसेज तोच व्हिडिओ. तो कुठं व्हायरल वगैरे झाला नाही, चारशे लोकांनीसुद्धा पाहिला नसेल. पण तक्रारीचा फोन येत नाही, उलट काही लोक 'हिरवेच पाठवा' म्हणतात. आता त्यांना काय सांगू!

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण रस्त्यावरचा प्रत्येक गाडीवाला नागपुरीच म्हणून ओरडतो. नुसतं नाव सांगून भागत नाही, कोणाच्या बागेतला ते दाखवावं लागतं.

---

ठेचाभाकर
सोमवार, दुपारी २:३०

मी भिवापूरकडची. आमचा बारा बायांचा बचत गट आहे. तिखट, मुंगवड्या, जवसाची चटणी. फोन माझ्याकडे असतो म्हणून मीच 'ऑनलाइनवाली'.

मृगबहारदादा, तुमचं ते दाखवायचं अगदी पटलं. भिवापुरी म्हणून दुसऱ्याच मिरचीचं तिखट रंग घालून विकतात, आणि आमचं खरं जरा फिकं दिसलं की लोक विचारतात, यात भेसळ आहे का?

मला भाषेबद्दल सांगायचं आहे. सुरुवातीला आम्ही पाकिटावर आणि कॅटलॉगमध्ये 'तिखट' लिहिलं. मुंबईच्या एका ताईंनी विचारलं, 'तिखट म्हणजे काय, चटणी का?' त्यांच्याकडं मिरची पावडर म्हणतात. तसंच 'सांबारवडी'. आपल्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर, पण पुण्याच्या माणसानं इडलीबरोबरचं समजून मागवलं आणि मग भांडला. आता आम्ही दोन्ही लिहितो, 'तिखट (लाल मिरची पावडर)'. आपला शब्द सोडायचा नाही, पण गिऱ्हाईक शोधताना जो शब्द टाइप करतं तो तिथं असलाच पाहिजे. कितीतरी लोक मराठीच शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून माझी भाची कॅटलॉगमध्ये खाली तेही लिहून ठेवते.

आणि बायांनो सावध राहा. मागच्या दिवाळीत एकाचा फोन आला, 'मी फौजी आहे, कॅन्टीनसाठी पन्नास किलो तिखट पाहिजे'. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, सगळं पाठवलं. म्हणे आर्मीच्या नियमाप्रमाणे पैसे क्यूआर कोडनं येतात, तुम्ही स्कॅन करून पिन टाका. पन्नास किलो ऐकून आमच्या बाया मिरच्या खुडायलाही बसल्या होत्या! माझं बोट पिनवर होतं. भाची ओरडली, 'मावशी, पैसे घ्यायला पिन लागत नाही!' खरंच, पिन फक्त द्यायला लागतो. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढं सरकतात.

---

मूळचा_आर्वीचा
सोमवार, रात्री ८:५०

मी विकणारा नाही, घेणारा. बारा वर्षं पुण्यात. सणाला गावाकडचा माल शोधत असतो. तेव्हा गिऱ्हाइकाच्या बाजूनं थोडं.

एक, फिल्टर मारू नका. हळदीच्या फोटोला असा काही नारिंगी रंग चढवलेला असतो की मी तो माल घेतच नाही. आणि खरा फोटो पाहून घेतला तर घरी आल्यावर वाद होत नाही.

दोन, किंमत लिहा हो! 'इनबॉक्समध्ये विचारा' वाचलं की मी पुढं जातो. हळद्याभाऊ, तुमचे ते बावीस 'रेट?' वाले आठवा. फोटोवरच भाव असता तर त्यातले परवडणारे तेवढेच आले असते.

तीन, उत्तर उशिरा आलं तरी चालेल, पण कधी येईल ते कळू द्या. एका दुकानदाराला मी तीन दिवस मेसेज केले. चौथ्या दिवशी दुसरीकडून घेतलं तेव्हा त्यांचं 'बोला' आलं.

---

हळद्या_समुद्रपूर
सोमवार, रात्री ९:३०

@मूळचा_आर्वीचा, तिन्ही मान्य. पहिल्या जाहिरातीत भाव लिहिला नव्हता हे खरं. 'विचारतील तर बोलणं होईल' अशी हुशारी.

उत्तराचं सांगतो. आमच्या घरात रेंज नाही. स्लॅबवर टाकीच्या उत्तर बाजूला उभं राहिलं की दोन काड्या येतात. तिथं प्लास्टिकची खुर्ची ठेवली आहे, तेच ऑफिस. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये दूर असतानाचा मेसेज लावता येतो, तिथं लिहून ठेवलंय: 'शेतात आहोत. सकाळी ७ ते ८ आणि रात्री ८ ते ९:३० ला उत्तर देतो. भाव कॅटलॉगमध्ये आहे.' तेव्हापासून कुणी रागावलं नाही. उलट एकानं विचारलं, शेतात आज काय काम होतं?

फोटोचं म्हणाल तर मीही फिल्टर लावला होता. लपवून काय फायदा.

आणि रिव्ह्यूचं राहिलं. गुगलवर दुकान टाकलं तेव्हा भाच्यानं एका संध्याकाळी मित्रांकडून वीस पंचतारांकित रिव्ह्यू करवून घेतले. आठवड्यात गुगलनं उडवले, बरंच झालं. पुढं जुलैत एका बाईंचा खरा रिव्ह्यू आला, दोन तारे: 'हळदीत गोळे झाले आहेत, ओलसर वाटते.' पोटात गोळा आला. घरचे म्हणाले, फोन करून काढायला सांग. मी खाली लिहिलं की चूक आमची, पावसात पाकीट पातळ पडलं, नवीन पाठवतो. नवीन पाठवलं, जाड पाऊच आणला, दळण पावसाच्या आधी उरकायला लागलो. त्यांनी तारे वाढवले नाहीत. पण नंतर तीन गिऱ्हाइकांनी सांगितलं की तो रिव्ह्यू आणि खालचं उत्तर वाचून ऑर्डर दिली.

गुगलची दुसरी गंमत. जिल्ह्यात वायगाव दोन. एक आमच्या शेजारचं वायगाव हळद्या, हळदीच्या नावावरूनच गावाचं नाव. दुसरं वर्ध्याजवळचं वायगाव निपाणी. मी पत्त्यात नुसतं 'वायगावजवळ' लिहिलं होतं. नागपूरहून एक कुटुंब हळद घ्यायला निघालं आणि भर उन्हात निपाणीला जाऊन चौकशी करत फिरलं. तिथल्या पानटपरीवाल्यानं त्यांना सांगितलं, 'हळदीवाले रोज एक येते अथी.' त्या दिवशी नकाशावरचा पिन थेट आमच्या फाटकावर नेऊन ठेवला.

---

रीलवाला_अकोला
मंगळवार, सकाळी ११:१५

सगळ्यांचा मान ठेवून थोडा वाद घालतो. 'जाहिरात म्हणजे पैसे पाण्यात' असा सूर लागतोय तो पटत नाही. मी स्वतः दोन-तीन बचत गटांच्या जाहिराती सांभाळतो.

हळद्याभाऊ, तुम्ही जाहिरात केलीच नाही, बटन दाबलं. त्या बटनानं बहुतेक वेळा लाईक करणारी माणसं मिळतात, कारण तुम्ही तेच मागितलेलं असतं. फेसबुकचं जाहिरातींचं पूर्ण पान, ॲड्स मॅनेजर, उघडा, उद्देश निवडताना मेसेज किंवा विक्री निवडा. भाग निवडा. तुमची हळद खेड्यात घरोघरी आहे, मग वर्धा जिल्ह्यात दाखवून काय उपयोग? पुणे, ठाणे, नाशिक निवडा, मराठी वापरणारे निवडा. आणि एकदम तीन हजार एका फोटोवर टाकू नका. रोज दीडशे, तीन वेगवेगळ्या फोटोंवर, चार-पाच दिवस. ज्याच्यातून ऑर्डर येते तो ठेवा, बाकी बंद. लाईक मोजू नका, ऑर्डर मोजा, आणि भाऊंनी काढला तसा एका गिऱ्हाइकाचा खर्च काढा. तो हिशेब भाऊंनी इथं मांडला तसा मी पैसेवाल्या दुकानदारांकडंही पाहिला नाही, हे मात्र मानलं.

कॅश ऑन डिलिव्हरी एकदम बंद करू नका. नवीन माणूस अनोळखी खेड्यातल्या नंबरवर आधी पैसे का टाकेल? पन्नास रुपये आगाऊ घ्या, बाकी दारात. पन्नास दिलेला माणूस पार्सल परत करत नाही.

---

कापूसकोंड्या
मंगळवार, दुपारी १२:०२

पन्नासवाली गोठ बराबर. आमच्या इकडे लग्नाच्या मंडपवाल्याले बी इसार द्याच लागते.

बाकी एक राह्यलंच. मी त्या एजन्सीच्या आंदी एकाकडून दहा हजार नंबरची यादी इकत घेतली होती. दोनशे लोकायले मेसेज टाकला न दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपनं माहा नंबरच बंद केला. लोकायनं धडाधड रिपोर्ट मारले. थो नंबर बँकेत, आधारमंदी, सोसायटीत, सगळीकडे देला होता. महिनाभर ओटीपीच्या बोंबा. भैताडपना माहाच, दुसरं काय.

---

जमाखर्च
मंगळवार, रात्री ९:१०

हिंगणघाटला कर सल्लागार आहे. मार्केटिंगमधलं कळत नाही, पण जाहिरात करून माल पाठवताना लोक जिथं अडकतात तेवढं लिहितो.

खाद्यपदार्थ विकता म्हणजे एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी हवी, तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर. हे ऑनलाइनवाल्यांनाही लागू आहे, 'आम्ही घरगुती' हे उत्तर चालत नाही.

जीएसटीबद्दल अर्धवट माहिती फिरते. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या मर्यादेच्या आत असलेला छोटा विक्रेता जीएसटी नोंदणीशिवाय ऑनलाइन बाजारपेठांवर माल विकू शकतो, पण फक्त आपल्या राज्यात. हळद पावडर, तिखट हे करपात्र आहे, ते राज्याबाहेर पाठवायचं असेल तर नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. वरुडच्या दादांचं ताजं फळ करमुक्त, त्यांना हा प्रश्न नाही.

आणि कृपा करून रोग बरे करू नका. परवा एका अशिलानं हळदीचं पोस्टर दाखवलं, 'मधुमेह, कॅन्सरवर रामबाण'. असे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. भाज्याला, दुधाला, लग्नाला हळद लागते, तेवढं लिहिलं तरी खपते.

---

हळद्या_समुद्रपूर
मंगळवार, रात्री ९:५५

@जमाखर्च, ते पोस्टर आमच्याच भाच्याचं नसो म्हणजे झालं. विचारतो उद्या.

वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो शिक्का पाकिटावर छापायचा तर चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव लागतं. नाव न लावता छापणारे पुष्कळ आहेत. आम्ही गटामार्फत अर्ज केला आहे, तोवर पाकीट कोरं.

@रीलवाला_अकोला, बटन दाबलं हे कबूल. तुमच्या पद्धतीनं एकदा करून पाहतो. रोज दीडशे, तीन फोटो: एक पाकिटाचा, एक कढईचा, एक आईच्या हातातल्या हळकुंडाचा. माझी पैज तिसऱ्यावर. पण नवी हळद दळून झाल्यावरच. माल नसताना गिऱ्हाईक बोलावून पाहिलंय मी, ते पुन्हा फिरकत नाही.

पन्नास रुपये इसार उद्यापासून सुरू.

@ठेचाभाकर ताई, पाच किलो तिखट पाहिजे, आमच्या चिठ्ठीबरोबर गिऱ्हाइकांना वानगीदाखल पन्नास-पन्नास ग्रॅम देऊन पाहतो. तुम्हीही आमची हळद तशीच द्या. दोघांच्या वह्या मिळून चारशेवर घरं होतील. नंबर मात्र एकमेकांना द्यायचे नाहीत, कापूसकोंड्याभाऊंचं वाचून शहाणा झालोय. ज्याला आवडेल तो स्वतः मागवेल.

---

ठेचाभाकर
बुधवार, सकाळी ६:४८

देते दादा. पण फुकट वाटायला आहे म्हणून भाव कमी करणार नाही, गटाच्या बैठकीत बाया मला सोलून काढतील. भाव व्यनि (खाजगी निरोप) करते. इसार पन्नास.

---

मूळचा_आर्वीचा
बुधवार, सकाळी ९:२०

एवढं वाचून हळद न मागवता राहवत नाही. दोन किलो. मार्चमध्ये आर्वीला येणारच आहे, तिकडूनच येऊन घेतो, शिजवणी पाहायला मिळाली तर मुलीला आणतो.

---

हळद्या_समुद्रपूर
बुधवार, रात्री ८:०५

या की. सध्या काढणी सुरू आहे, पहिली कढई येत्या आठवड्यात चढेल. नंतर बारा-पंधरा दिवस वाळवण, मग घोळणं, दळण होळीनंतर. शिजवणी पाहायची तर पहाटे साडेचारला पोचावं लागेल, मुलीला विचारून घ्या. पिन पाठवला आहे. आर्वीहून येताना वर्ध्यावरूनच याल, रस्त्यात वायगावची पाटी दिसेल. तिथं वळू नका, ते निपाणी.